नादारीचा अर्ज आणि बेपत्ता बसमालक

नोकरीतले बरेचसे खून-दरोडे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत; पेरुंगुडीच्या त्या बसमालकाचं प्रकरण मात्र अजून लख्ख आठवतं.

आमच्या पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी आटोपली होती. पन्नाशीच्या एक बाई आल्या. नवरा परवापासून घरी आला नाही, फोनही घरीच ठेवून गेला, म्हणाल्या. आडनाव ऐकून मी मराठीत बोललो, तशा त्या खुर्चीत नीट टेकून बसल्या. आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचे लोक. नवऱ्याच्या बसगाड्या आयटी कंपन्यांची माणसं ने-आण करायच्या. कोरोनात कंपन्या घरून चालू लागल्या आणि धंदा बसला, एवढंच त्यांनी सांगितलं. मी 'मॅन मिसिंग'ची नोंद केली आणि फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवला.

शिपायांनी तो आसपासच्या दुकानांतही दाखवला होता; दुपारी एका झेरॉक्सवाल्याचा फोन आला. शोळिंगनल्लूरच्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसबाहेर, पायरीवर हे गृहस्थ परवा बराच वेळ बसलेले त्याने पाहिले होते.

सल्लागाराला बोलावलं. तो मलाच कायदा शिकवू लागला. अशा माणसाला बोलू द्यावं. खोटं सांगून दमला की तो पाणी मागतो. त्याने मागितलं, तेव्हा मी विचारलं, "तुम्ही त्यांना काय सांगितलं होतंत?"

"नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करा. बँकेचं, कराचं, सगळं देणं सुटेल."

"सुटतं?"

"बँकेचं सुटू शकतं, सार. सरकारी कर सुटत नाही. कोर्टाने मोकळं केलं तरी तो डोक्यावर राहतो."

"हे त्यांना कधी सांगितलंत?"

"फी घेतल्यावर. परवाच." त्याची मान खाली गेली. "त्यांनी एकच विचारलं. मी मेलो तर बायकोकडून वसूल करतील का? मी म्हटलं, तुमच्या मागे जे उरेल, तेवढ्यातूनच."

माझं पेन थांबलं. किनाऱ्यावरच्या ठाण्यांना आणि रेल्वे पोलिसांना कळवून मी तडक त्यांच्या घरी गेलो. जाताना काय काय नेलं, असं विचारल्यावर बाईंनी कपाट उघडलं. दोन शर्ट आणि ड्रायव्हिंग लायसन्स नव्हतं.

"लग्न झालं तेव्हा ते दुसऱ्याची बस चालवायचे," त्या म्हणाल्या.

मरायला निघालेला माणूस लायसन्स कशाला नेईल? श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांना शिफ्टच्या बसेससाठी ड्रायव्हर कायम हवे असतात. माझ्या शिपायांनी तिथल्या ठेकेदारांना फोन लावले आणि माणूस सापडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंना घेऊन मी कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो. बस आली, चालवत तेच होते. आमची जीप दिसताच त्यांनी इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बाई दारापाशी गेल्या.

"साप्टींगळा?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. जेवलात का, एवढंच.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग बसच्या पायरीवर बसून दोघांनी बाईंनी डब्यात आणलेला दहीभात खाल्ला. मी जरा लांब उभा होतो, तरी बोलणं ऐकू येत होतं.

"तुला कळू नये म्हणून गेलो. इथून पैसे पाठवणार होतो. कराच्या नोटिसा येत होत्या."

"त्या येत होत्या कोणाच्या हातात? सही मीच करत होते. तुम्हाला आणखी त्रास नको, म्हणून बोलले नाही."

ते हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

सल्लागारावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. नादारीचा अर्ज कोर्टात रीतसर चालला आणि बँकेचं ओझं उतरलं. कर उतरला नाही. पण दोघं मिळून कर अधिकाऱ्यांकडे गेली आणि हप्ते बांधून घेतले. ते श्रीपेरुंबुदूरला बस चालवत राहिले, बाईंनी घरी शिकवण्या सुरू केल्या.

पुढे देण्यापायी घर सोडलेली आणखीही माणसं सापडली. अशा माणसाला ठाण्यात आणलं की मी आधी त्याला आणि त्याच्या बायकोला एका बाकावर बसवायचो, दोन चहा मागवायचो आणि खोलीबाहेर जायचो. जबाब तासाभराने घेतला तरी चालतो.