मुठीतला अंगठा

नववीच्या वर्गात मी गुरुदक्षिणेची ती जुनी कथा शिकवतो. गुरूने शिष्याकडे उजव्या हाताचा अंगठा मागितला, या वाक्याशी आलो की मुले नकळत आपापला अंगठा मुठीत लपवतात. पुराणे निर्दयच असतात. त्यांतून सुविचार काढण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे आले आहे.

काल मागच्या बाकावरील मुलीने विचारले, "सर, त्या अंगठ्याचं गुरूंनी पुढे काय केलं?"

"लोणचं घातलं," तिची शेजारीण पुटपुटली. वर्ग हसला. मी हसलो नाही.

"हे परीक्षेत विचारत नाहीत. खाली बस. तात्पर्य लिहून घ्या. गुरुभक्ती सर्वश्रेष्ठ."

अंगठ्यावाचून पेन धरता येत नाही. एकेक मूठ उघडली. तिची सर्वांत शेवटी.