फेट्यावरचा तुरा
जुन्या कॅसेटची डबी उघडली, छपाईच्या शाईचा वास आला आणि माझा पराक्रम आठवला: कलगीवाल्या शाहिराच्या फेट्यावर मी तुरा काढला होता. तेव्हा मी लकडगंजात दुकानांच्या पाट्या रंगवायचो, आणि या शाहिरांच्या पहिल्याच कॅसेटचं कव्हर माझ्याकडे आलं होतं. खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यात कलगीवाले आणि तुरेवाले असे शाहिरांचे दोन पक्ष, भर गर्दीत गाण्यातून एकमेकांची जिरवणारे. हे मला ठाऊक होतं. पण कुंचला हातात आला की मला फक्त शोभा दिसते. छापून आलेलं कव्हर शाहिरांनी माझ्यासमोर धरलं. "पेंटरभाऊ, जिंदगीभर ज्यायच्याशी भांडलो, त्यायच्याच घरी नेऊन बसवलं गा मले!" दुसऱ्याच दिवशी मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा होती आणि कॅसेट तिथेच विकायची होती, पुन्हा छापायला वेळ नव्हता. जत्रेत मी बायकोसोबत पार मागे उभा राहिलो. समोरच्या तुरेवाल्या शाहिराने कॅसेट उंच धरून विचारलंच, "काहून गा, आमच्यात आला का?" आमच्या शाहिरांनी डफावर थाप मारली आणि जागच्या जागी गाऊन सांगितलं, की मागच्या मंडईत तुले हरवलं, तवा तुह्या डोक्यावरून उतरवलेला तुरा मिरवून राहिलो! शिट्ट्यांवर शिट्ट्या. कॅसेटी हातोहात खपल्या. माझी फुगलेली छाती बघून बायको तेव्हा जे म्हणाली, ते मी आजवर पाळलेलं नाही: "आता लोकायले सांगत नका फिरू, का तुरा मुद्दामच काढला होता म्हणून."