हबीबच्या पुढ्यातला ग्लास

हे मी बायकोलासुद्धा बोललो नाही. मठात जातो, महाराजांच्या पायावर डोकं ठेवतो, तेव्हाही एवढी गोष्ट बाजूला काढून ठेवतो आणि मगच वाकतो. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून तुमच्याशी जमेल असं वाटतंय. तरी बघा, सांगायला बसलो आणि आधी दुकानातले पितळी तांबे पुसून आलो. पुसायची काही गरज नव्हती.

लातूरला माझं भांड्यांचं दुकान आहे. वडील बसायचे त्या गल्ल्यावर आता मी बसतो. आमचं घर लिंगायत, घरात मटण-मासळीचं नावही निघत नाही आणि दारू तर लांबची गोष्ट. आमची आई आम्लेटच्या गाडीवरून जाताना पदर नाकाला लावायची. आणि माझ्याच दुकानाच्या ओट्यावर हबीब बसायचा. त्याचे अब्बा तिथंच कल्हई करायचे. कल्हई गेली, मग हबीबनं कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायला सुरुवात केली. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. तो मला मन्मथ म्हणायचा, रागावला तर मन्मथ्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी पिठाची गिरणी होती. ती बंद पडली आणि तिथं बार निघाला. तसे बार काय कमी आहेत का लातुरात? पण या बारच्या पाटीवर लिहिलं होतं — ताजी ड्राफ्ट बिअर. नळ फिरवला की बिअर येते, बाटलीतल्यासारखी कडू लागत नाही, असं जो तो सांगत होता. दुकानात कढई बघायला आलेली माणसंसुद्धा त्या नळाचं बोलायची. मी मान हलवायचो आणि तोंड वाकडं करायचो. मला काय, मी लिंगायत आप्पा, सोवळ्या तोंडाचा माणूस.

खरं सांगतो — खरेदीला हैदराबादला गेलो की मी प्यायचो. चिकनही खायचो. तिथं मला कोण ओळखतं? गावात मात्र कधी नाही. पण ती पाटी रोज सकाळी दुकान उघडायला जाताना दिसायची आणि रोज दुपारपर्यंत डोक्यात राहायची. माणसाला जिभेनं किती छळावं? हसू नका, तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि मला एका नळानं वेड लावलं होतं.

एकट्यानं जायचा धीर नव्हता. मी हबीबला गळ घातली. तो पीत नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक. तिथलं मटण-चिकनही त्याला चालणार नाही, कारण ते हलाल आहे की नाही कोण सांगणार? तो म्हणाला, "मी तिथं काय करू रे? शेंगा सोलत बसू?" मी म्हणालो, "बस की. माझ्यासाठी बस." आणि तो आला. बाजार बंद असायचा त्या दिवशी, भर दुपारी, गर्दी नको म्हणून.

आत गार होतं, फिनेलचा आणि तळलेल्या लसणाचा वास येत होता. काउंटरवर तो नळ होता, चकचकीत, मूठ काळी. वेटरनं कानाचा मोठा ग्लास तिरपा धरून भरला, वरचा फेस चमच्यानं काढून टाकला. पहिला घोट घेतला — हलकी, गार, गव्हासारखा मागून गोडवा. मी डोळे मिटले. हबीब हसायला लागला. मग चिकन सुक्कं आलं, काळ्या मसाल्याचं, खोबरं चांगलं भाजलेलं, वर कच्चा कांदा. असं चिकन हैदराबादलाही मिळालं नव्हतं. गळ्यातलं इष्टलिंग मी शर्टाच्या आत पाठीकडं सरकवून ठेवलं होतं — जणू त्याला पाठीकडून दिसत नाही. हबीबपुढं लिंबू सोडा, मसाला पापड आणि उकडलेल्या शेंगा. तो खरंच शेंगा सोलत बसला होता. आपल्या पोरीचं सांगत होता. नसरीनचं उदगीरला ठरत आलं होतं, मुलगा उर्दू शाळेवर मास्तर, माणसं पाच वक्त नमाजी, लई चांगली माणसं हायत म्हणत होता. इतका खूश मी त्याला क्वचितच पाहिला होता.

दार उघडलं आणि काशीनाथआप्पा आत आले.

काशीनाथआप्पा म्हणजे माझे चुलत सासरे, मठाच्या कमिटीतले. बारचा मालक आमच्याच समाजाचा, त्याच्याकडं सप्ताहाची वर्गणी मागायला आले होते. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे जरा वेळ अंधारतात ना? तेवढाच वेळ मला मिळाला. मी माझा ग्लास हबीबपुढं सरकवला. चिकनची ताटली सरकवली. त्याचा लिंबू सोडा आणि पापड माझ्याकडं ओढला. मिशी पुसली. हबीबची दाराकडं पाठ होती, त्याला काहीच कळलं नाही. मी त्याला पाजतोय असं वाटून तो नको नको म्हणत होता, तोवर आप्पा टेबलाशी येऊन उभे.

आप्पांनी विचारलं, "मन्मथ, तू इथं?"

मी म्हणालो, "हबीबनं लई हट्ट केला, आप्पा. सोबत चल म्हणला. मी आपलं सोडा घेतलाय."

हे बोलायची गरज होती का? ग्लास तर सरकवलाच होता, तोंडानंही बोललो. हबीबनं माझ्याकडं पाहिलं, मग आप्पांकडं, मग ग्लासाकडं. आणि त्यानं त्या ग्लासाच्या कानाला हात लावला, आपलाच असल्यासारखा. माझ्यासाठी. आप्पा त्याला काही बोलले नाहीत, माझ्या पाठीवर मात्र थाप मारली. थाप नेमकी इष्टलिंगावर पडली. ते मला टोचलं, पण मी हललो नाही.

बाहेर आल्यावर हबीब पोट धरून हसला. "सासऱ्याला बरं फसवलंस, मन्मथ्या," म्हणाला. मीही हसलो. त्याच्यासाठी ती एक गंमत होती. माझ्यासाठीही गंमतच होती असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो.

आप्पांनी ही गोष्ट वाईट बुद्धीनं सांगितली नाही, हे आधी नमूद करतो. ते माझं कौतुक करत फिरले. पिणाऱ्यासमोर बसला पण पोरानं थेंब घेतला नाही, असं त्यांनी मठात सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं. मला कमिटीवर घेतलं. आणि कौतुक माझं होत गेलं तसतसं हबीबचं नावही सोबत जात राहिलं. आमच्या समाजाची निम्मी दुकानं उदगीरला. तिथंही ते पोचलं. मास्तराच्या बापानं दोन माणसं लातूरला चौकशीला पाठवली. त्यांना काय, जो भेटला त्यानं सांगितलं — हो, बारमध्ये बसलेला पाहिलाय, भर दुपारी.

हबीब माझ्याकडं आला. ओट्यावरून उठून आत, गल्ल्याशी. कधी आत यायचा नाही तो. म्हणाला, "एकदा उदगीरला चल. मी किती बी सांगितलं तरी ते म्हणतात, पिणारा कधी कबूल करतो का? तुझ्या तोंडानं ऐकलं तर मानतील." मी गल्ल्यातली चिल्लर लावत राहिलो. मग तो जे बोलला ते मला आजही शब्दाला शब्द ऐकू येतं. "तुझा होता म्हणू नको. वेटरनं चुकून ठेवला म्हण. कुणाचा बी म्हण. माझा नव्हता, तेवढं सांग फक्त."

बघा — त्यानं मला वाटसुद्धा काढून दिली होती. मी हो म्हणालो. रविवारी जाऊ म्हणालो.

आणि शनिवारी संध्याकाळी मी मुरुडला मेव्हण्याकडं निघून गेलो. बायकोला सांगितलं, त्याची तब्येत बरी नाही. तब्येत ठणठणीत होती. फोन बंद करून पिशवीत खाली घातला. रविवारी दिवसभर मेव्हण्याच्या अंगणात खाटेवर पडून होतो, ज्वारीची भाकरी आणि पिठलं खाल्लं, दुपारी झोपही लागली. झोप लागली हे सांगताना लाज वाटते. तिकडं हबीब बस स्टँडवर माझी वाट बघत दोन गाड्या सोडून तिसरीनं एकटाच गेला.

सोयरीक मोडली.

मी गेलो असतो तर माझं काय गेलं असतं? तुम्ही विचारणार म्हणून मीच सांगतो. काही नाही. त्यानं सुचवलेलं बोललो असतो तर माझ्यावर शिंतोडाही उडाला नसता. आणि अगदी खरं बोललो असतो तरी काय? आप्पा महिनाभर बोलले नसते. बायको रडली असती, मग तिनंच चहा ठेवला असता. कमिटी गेली असती, ती मला नकोच होती. एवढ्यासाठी मी भ्यालो. काही मोठं कारण असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं.

आणि आता ते, जे सांगायचं मी इतका वेळ टाळतोय. घाबरून हात आपोआप गेला, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही तसंच वाटू द्यायचं होतं. पण बारमध्ये शिरल्यावर भिंतीकडची खुर्ची मी निवडली होती. हबीब तिकडं बसत होता तर मी त्याला उठवलं, आणि दाराकडं तोंड करून स्वतः बसलो. मित्र तर मला पुष्कळ होते. वाण्याचा शंकर माझ्याबरोबर आनंदानं आला असता, तो पितोही. मी हबीबलाच का नेलं? कारण कुणी बघितलंच तर टेबलावरची बिअर आणि चिकन कुणाचं, हे कुणाला विचारावंच लागणार नाही, हे मला घरून निघतानाच माहीत होतं. आप्पांनी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

हबीब मला कधी काही बोलला नाही. भांडला असता तर मी पाय धरले असते, असं वाटतं, पण हेही आता बोलून काय करायचं. तो रोज ओट्यावर बसतो. फक्त त्या रविवारनंतर मी मन्मथशेठ झालो आणि 'तुम्ही' झालो. मी कितीदा ठरवलं, आज बोलायचं. शटर वर करेपर्यंत ठरलेलं असतं. तो समोर दिसतो, सलाम करतो, आणि मी तांबे पुसायला घेतो.

दोन वर्षांनी नसरीनचं हदगावला जमलं. माणूस बिजवर, पहिल्या बायकोची दोन मुलं. हबीब दुकानात आमंत्रण घेऊन आला तेव्हा काशीनाथआप्पा तिथंच बसले होते. निमंत्रण दिलं आणि म्हणाला, दोन पातेली, एक कढई, एक परात काढा, कोरी. मी म्हणालो, पोरीच्या संसाराला भारीतली घे, माझ्याकडून. तो म्हणाला, "पोरीला न्हाई शेठ. तुम्हाला आमच्या भांड्यातलं कसं चालंल? तुमचं वेगळं रांधायला सांगितलंय, तुमच्याच समाजाच्या बाईला." आवाजात टोमणा नव्हता. मी त्याचा चेहरा पुन्हा पुन्हा पाहिला, खरंच नव्हता. आप्पा म्हणाले, शहाणा माणूस आहेस हबीब, रीतभात कळते तुला. मी फडताळावरून भांडी काढली आणि कागदात बांधून दिली.

लग्नाला हदगावला गेलो. मांडवाच्या एका अंगाला माझ्या एकट्यासाठी टेबल मांडलं होतं. गव्हाच्या पोळ्या, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, शिरा. पलीकडच्या पंगतीत लोक बिर्याणी खात होते आणि वाढपी माझ्या बाजूनं जाताना पातेलं लांबून नेत होते, मला वास येऊ नये म्हणून. हबीबनं तसं सांगून ठेवलं असणार. नवरीच्या पाठवणीची घाई होती, तरी तो स्वतः माझ्यापाशी उभा राहून वाढत होता. आणखी एक पोळी घ्या शेठ, म्हणाला, प्रवासाला निघायचंय.

मी घेतली. त्याच्यासमोर बसून पोटभर जेवलो.