साडेतीन बोटांचा हात

सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची. ज्यांनी आजी म्हणायला हवं होतं तेसुद्धा. मिस्त्री जिवंत असताना दिसेल त्याला ‘भाऊ’ म्हणायचे, मग त्यांची बायको आपोआप सगळ्यांची वहिनी झाली. मिस्त्री खुर्च्या-पलंग बनवायचे आणि वहिनी त्यांना पॉलिश करायच्या. लग्नानंतर हातात घेतलेली चिंधी त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती. नखांच्या कडा कायमच्या तपकिरी. बोटं सुंदर आहेत असं एकदा कुणी म्हणालं, तर म्हणाल्या, “शिसवी आहेत. वाळवी लागत नाही.”

मिस्त्रींच्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट करवतीनं अर्ध्यावर नेलेलं. त्याचं त्यांना विशेष दुःख नव्हतं. दुःख एकाच गोष्टीचं होतं, ते म्हणजे कुत्र्याचं.

‘पाय भक्कम असला की वरचं कसंही चालतं’ या एका वाक्यावर त्यांचा धंदा उभा होता. जे टेबलाला लागू, तेच कुत्र्याला. तरुणपणी त्यांनी मोठ्या जातीचं पिल्लू आणलं आणि त्याला दूध, अंडी आणि वर डब्यातली दूधपावडर मिसळलेली कॅल्शियमची पांढरी पूड मुठीनं चारली. पिल्लू बघता बघता वासराएवढं झालं. गल्ली कौतुकानं बघायला यायची. मग त्याचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकले. मग त्याला उभं राहवेना. एके दिवशी मिस्त्री त्याला कवेत उचलून दवाखान्यात घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले.

“पूड कमी पडली,” एवढंच म्हणाले. “आणखी द्यायला हवी होती.” पुढे कैक वर्षं, जेवता जेवता मध्येच घास हातात धरून ते हेच म्हणायचे. डबा मात्र त्यांनी टाकला नाही. अवजारांच्या पेटीत, पटाशांच्या खाली ठेवून दिला.

मिस्त्री गेले. कारखाना धाकटे दीर बघू लागले. एक दिवस लाकडाच्या वखारीतून त्यांनी एका पिशवीत काळंभोर पिल्लू आणलं. जात मोठी आणि पंजे तर बशीएवढे.

“वहिनी, तुम्हाला सोबत.”

“सोबत कशाला? वरच्या मजल्यावरून तुमचं घोरणं ऐकू येतं की.”

पण पिल्लू पायांशी येऊन बसलं आणि वहिनींची नजर त्याच्या पुढच्या पायांवर गेली. सरळ होते. ते सरळच राहिले पाहिजेत, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पिल्लाला टेबलावर उभं केलं. “हा मोठा झाला की तुम्ही याला नाही, हाच तुम्हाला फिरवून आणेल. पण त्याला मोठं व्हायची घाई नको. अशी पिल्लं भरभर वाढली की वजन पुढे जातं आणि हाडं मागे राहतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी वेगळं खाणं मिळतं, तेच द्या, मापानं. त्यात कॅल्शियम हवं तेवढंच असतं. वरून पूड अजिबात नको.” मग वहिनींची बोटं धरून त्यांनी पिल्लाच्या कुशीवर फिरवली. “बरगड्या दिसायला नकोत, पण हाताला लागल्या पाहिजेत. रोज असं बघत जा.”

दुकानदारानं सगळ्यात चकचकीत पिशवी पुढे सरकवली. “मावशी, यावरचा कुत्रा बघा. पहिलवान!”

“पहिलवान नकोय. धड चालणारा हवाय.” वहिनींनी पिशवी उलटी करून मागचं सगळं वाचलं, परत ठेवली आणि कोपऱ्यातली कळकट दिसणारी पिशवी उचलली. तिच्यावर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी, असं साधं लिहिलेलं होतं.

सगळं मापात चाललं होतं. तरी पिल्लू फुगत चाललं. एका सकाळी वहिनींनी कुशीवर बोटं फिरवली आणि बरगड्या लागेचनात. डॉक्टरीणबाईंनी वजन करून भुवया चढवल्या. “घरात कुणीतरी चोरून घालतंय.”

वहिनी तडक कारखान्यात. “भाऊजी, खरं सांगा.”

“मी? अहो, मी त्याला भितो! मघाशी त्यानं जांभई दिली तर मी बाकावर चढलो.”

“मग आणलं कशाला?”

“आणलं तेव्हा पिशवीत मावत होतं!”

भाऊजी खोटं बोलत नव्हते. खोटं बोलताना ते कान खाजवतात. पण पिल्लू दुपारभर असायचं ते कारखान्यातच.

दुसऱ्या दिवशी भाऊजी कपाट पोचवायला गेले. भर दुपारची वेळ, करवत बंद. वहिनींनी जमिनीवरचा भुसा झाडूनं सपाट केला, पिल्लाला आत ठेवलं, बाहेरून कुलूप घातलं आणि दाराशी खुर्ची पॉलिश करत बसल्या. ऊन लख्ख होतं. बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही.

मग पेटीची बिजागरी कुरकुरली. पाठोपाठ पत्र्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. आणि मग चाटण्याचा, सावकाश, कुणी हातातून भरवत असावं तसा.

वहिनींची चिंधी खुर्चीच्या हातावर तशीच थांबली. त्यांनी कुलूप काढलं.

पिल्लू मिस्त्रींच्या बाकापाशी बसलं होतं. नाक पांढरं. डबा बाकावर उघडा. भुशात फक्त पिल्लाच्या पंजांचे ठसे होते. पिल्लानं वहिनींकडे पाहिलंच नाही. ते वर बघत होतं, उभ्या माणसाचं तोंड असतं त्या उंचीवर, आणि शेपटीनं भुसा झाडत होतं.

वहिनींच्या मानेवर काटा आला. पण भीतीच्या मागोमाग राग आला, आणि तो जुना होता, संसाराचा.

“अहो,” त्या म्हणाल्या. मिस्त्री गेल्यापासून हा शब्द तोंडातून निघाला नव्हता. “तेव्हा पूड कमी नव्हती पडली. जास्त झाली होती.”

पिल्लाची शेपटी थांबली.

वहिनी फळ्यांच्या ढिगाकडे गेल्या. दोन तुकडे निवडून बाकावर शेजारी शेजारी ठेवले. “तुम्हीच मला शिकवलंत ना हे? ही फळी सावकाश वाढलेल्या झाडाची. वलयं बघा, केसांसारखी दाट. आणि ही भरभर वाढलेल्या झाडाची. वलयं बोट बोट रुंद, आणि वाळल्यावर कशी पिळवटलीय बघा. हिचा पाय तुम्ही कधी पलंगाला लावला होतात? गिऱ्हाइकानं दुप्पट दिले असते तरी लावला नसतात. मग या मुक्या जिवालाच का?”

कारखान्यात अचानक गार झालं. भुशाचा एक भोवरा बाकाभोवती फिरला आणि खाली बसला. वहिनींनी पिल्लाला उचललं. जड झालं होतं मेलं. मागे न बघता त्या बाहेर आल्या.

सकाळी डबा पेटीत पटाशांच्या खाली होता, झाकण घट्ट. पिळवटलेल्या फळीचे दोन तुकडे होऊन ते जळणाच्या ढिगात पडले होते. भाऊजींना त्यांनी काही विचारलं नाही. भाऊजी अजून घोरतच होते.

खाणं तेच राहिलं, कळकट पिशवीतलं, मापानं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं माप थोडं उतरवलं. हळूहळू पिल्लाची कंबर दिसू लागली. पाय सरळ ते सरळच. एका दुपारी ते कारखान्यातून डुलत बाहेर आलं आणि भाऊजी चार हात लांब उभे राहून म्हणाले, “वहिनी, त्याच्या कुशीला भुसा लागलाय बघा.”

वहिनी वाकल्या. काळ्याभोर केसांवर, बरोबर बरगड्यांवरून, भुशाच्या बारीक रेषा ओढलेल्या होत्या. तीन लांब. चौथी अर्ध्यावर थांबलेली.

“झटका की,” भाऊजी म्हणाले.

“राहू द्या.” वहिनींनी चिंधी पुन्हा पॉलिशमध्ये बुडवली. “बरगड्या लागतात का ते बघतायत.”