वकील कावळ्याची थोरली बहीण

साताऱ्याकडचं गाव सोडून आम्ही सांगलीला आलो तेव्हा मी लहान होते. आमचं सगळं घर मार्केट यार्डामागच्या एका खोलीत होतं. आबा हमाली करायचे, आई हळद निवडायला जायची. दोघं घरी आले की त्यांच्याबरोबर हळदीची धूळही आत यायची. आमचे सणाचे कपडेसुद्धा पिवळट दिसायचे. खायला कमी पडायचं ते होतंच, पण मला त्याहून दुसरंच खुपायचं. आमच्या घरात कुणी परक्यापुढे वाक्य पुरं करायचं नाही. आई रेशन दुकानात म्हणायची, "आवं, साखर आली असंल तर..." आणि गप्प. दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. यार्डातल्या हळदीच्या दुकानाच्या दिवाणजीपुढे आबांचंही तेच. मीही तशीच, पण मला लिहिता-वाचता यायचं. म्हणून अर्ज, पाट्या, औषधाच्या चिठ्ठ्या माझ्याकडे. घरातली शहाणी मी होते आणि तो मान मला सोडायचा नव्हता.

मी अकरावीत असताना माझ्या धाकट्या बहिणीच्या शाळेत बालनाट्य बसवायला एक बाई आल्या. प्राण्यांच्या कोर्टाचं नाटक. पाचवीतल्या आमच्या धाकटीला त्यात वकील कावळा मिळाला. तिला तालमीहून घरी आणायचं काम माझ्याकडे आलं. मी वर्गाच्या पायरीवर पुस्तक उघडून बसायचे आणि एक पान उलटत नसे. बाईंचं एकच पालुपद होतं: शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे बघायचं, वाक्याचा शेवट गिळायचा नाही. गिळला की पुन्हा पहिल्यापासून. धाकटी रडायची, डोळे पुसून पुन्हा म्हणायची. तिचे संवाद तिच्याआधी मला पाठ झाले. एकदा धीर करून मी बाईंकडे गेले. "मोठ्या मुलींसाठी पण काही..." एवढंच तोंडातून निघालं. मी बहिणीला न्यायला आलेय असं समजून बाईंनी तिला हाक मारली.

स्पर्धा साताऱ्याला होती. आईनं आबांची मोडकी छत्री उसवून तिच्या कापडाचे पंख शिवले. आबांनी कामावर खाडा केला. मला दहावीला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा त्यांनी खाडा केला नव्हता, हे मी अजून विसरलेले नाही. आम्ही अगदी मागे बसलो होतो, तरी कावळ्याचा शब्द न शब्द ऐकू येत होता. लोक पोट धरून हसत होते. आबा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "ती काळी हाय न्हवं, ती आमची." परतीच्या एसटीत खिडकीची जागा तिला मिळाली. कराड येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

पुढच्याच आठवड्यात ती रेशन दुकानात गेली आणि म्हणाली, "काका, आमची साखर राहिलीय, ती आज द्या." साखर मिळाली. त्यानंतर आई कुठंही जाताना तिलाच घेऊन जायला लागली. एवढ्याशा पोरीनं माझी जागा घेतली, आणि तिला ते कळलंही नव्हतं, याचाच जास्त राग यायचा.

बारावीची परीक्षा झाली आणि आबांनी हळद निवडायला माझं नाव दिवाणजीकडे सांगून ठेवलं. मला विश्रामबागच्या कॉलेजात जायचं होतं. निकाल लागल्यावर मी म्हणाले, "आबा, कॉलेजचे फॉर्म सुटलेत, म्हटलं..." ते "बरं" म्हणाले आणि जेवायला बसले. झालं. नकारच समजून मी मोरीत जाऊन रडले.

धाकटी मागून आली. "ताई, तू शेवट खाल्लास. परत म्हण. आबा शेवटच्या रांगेत बसलेत असं समज."

"मला शिकवू नकोस, कावळे," मी म्हणाले. पण जे हिला जमतं ते मला का जमू नये, या एका ईर्ष्येवर उठले.

आबा दारात तंबाखू मळत बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "आबा, मला हळद निवडायला जायचं नाही. मला कॉलेजात शिकायचंय. उद्या फॉर्म भरायचाय आणि तुम्ही माझ्याबरोबर यायचंय." आवाज गल्लीत गेला असावा, कारण शेजारच्या काकू बाहेर आल्या.

आबांचा हात थांबला. "मग हे आधी का न्हाई बोललीस? फॉर्म सुटलेत म्हणालीस, मी म्हटलं सुटले असतील. मला वाटलं, तुला बास झालं शिकणं."

आतून धाकटी म्हणाली, "आता बरोबर." मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली.

पोरांना नाटकात घालून अभ्यास बुडतो असं कुणी म्हणालं, की मी आमच्या घराचं सांगते. एक पोर नाटकात गेलं आणि दोघी बोलायला लागल्या. तरी मला कुणी स्टेजवर चढवलं नाही, ही जळजळ काही गेलेली नाही. ती असू दे.

दुसऱ्या दिवशी आबांनी माझ्याबरोबर येऊन फॉर्मवर सही केली. तीन वर्षांनी मी बी.ए. झाले, तेही पहिल्या वर्गात. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली.