डावीकडची शीळ

ड्रायव्हरसाहेबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, त्याला सात महिने झाले. हातपाय थोडेफार वळू लागले, जीभही ताळ्यावर आली. पण जगाला डावी बाजू असते हेच ते विसरून गेले. ताटातली उजवीकडची भाजी संपवायची, डावीकडची तशीच ठेवायची आणि वर म्हणायचं, "वाढ की अजून." तीस वर्षं दोन्ही आरशांत बघून बस चालवलेला माणूस आता अर्धीच दाढी करून आरसा परत द्यायचा.

व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्यांच्या बायकोला, काकूंना, बजावलं होतं, "घास, हाक, सगळं डावीकडून. मान वळली तरच पुढचं सगळं वळेल." काकूंनी महिनाभर ते केलं. हाका मारून घसा बसला, अन्न गार होऊ लागलं, शाळेच्या गणवेशांचं शिवण मशीनपाशी साचलं. शेवटी त्यांनी स्टूल मुकाट्याने उजवीकडे ओढलं. बाईंना मात्र "हो हो, डावीकडूनच" असं सांगत राहिल्या, आणि रोज प्रार्थनेला बसल्या की त्या खोट्याची देवाजवळ माफी मागत राहिल्या.

अशात एका सकाळी डावीकडच्या खिडकीबाहेर, परसातून, कुठल्याशा पाखराची शीळ आली. लांबलचक, गिरक्या घेणारी. साहेबांची मान उशीवरून हलली ती थेट खिडकीपर्यंत गेली.

"कोण गं ते?"

काकूंच्या हातातला ओला टॉवेल तसाच ठिबकत राहिला.

ते पाखरू पुन्हा काही आलं नाही. काकूंनी परसात दाणे टाकले, कबुतरं आली. पाव कुस्करला, कावळे आले. केळं ठेवलं, ते खारीने पळवलं.

"वहिनी, आता खानावळीची पाटीच लावा," रविवारी भेटायला आलेली धाकटी नणंद म्हणाली.

घरामागच्या शाळेचा माळी कुंपणापलीकडून हे सारं बघत होता; ती शीळ त्यानेही ऐकली होती. तो म्हणाला, "कस्तूर आहे तो. फार बुजरा. दाण्याला नाही शिवायचा. पाचोळा उलटून खालचे किडे टिपतो. तुमच्या परसात किड्याला पाय ठेवायची तरी सोय आहे का?"

बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. काकू सकाळ-संध्याकाळ परस असं झाडायच्या की गल्लीने त्यांचं नाव झाडूकाकू ठेवलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी झाडणं थांबवलं. डब्याला खिळ्याने भोक पाडून तो फांदीला टांगला, खाली पसरट भांडं ठेवलं. थेंब थेंब पाणी पडत राहिलं. पानं घोट्याएवढी साचली. खरं सांगायचं तर त्यांच्या कमरेला तेवढाच आराम मिळाला.

पुढच्या रविवारी नणंदेने पदर खोचून झाडू उचलला. "घरात आजारपण आहे म्हणून अशी अवकळा? लोक म्हणतील, वहिनींनी हात टेकले."

"टेकलेत," काकू म्हणाल्या. "ठेवा तो झाडू खाली, ताई."

नणंद झाडू ठेवून आत गेली आणि कपबश्या विसळू लागली.

बाराव्या दिवशी कस्तूर आला. चहाच्या रंगाचा, मुठीएवढा. पाचोळ्यात खसखस करत फिरला, भांड्यापाशी थांबला, मग झुडपात शिरून त्याने शीळ घातली. साहेबांची मान वळली. काकू दाराआड उभ्या होत्या. पाखरू उडून गेलं तशी मान हळूहळू फिरून आपल्या जागी आली, उजवीकडे, रिकाम्या स्टुलाकडे.

"चहा आणतेस ना?" साहेबांनी स्टुलाला विचारलं.

काकूंना देवाचे आभार मानायचे होते, पण आधी थकवाच आला. पाखराने आपल्या वाटणीची दोन मिनिटं दिली होती. बाकीचा दिवस कुणी शीळ घालायची?

त्यांनी स्टूल उचललं, पलंगाला वळसा घालून डावीकडे ठेवलं आणि चहात भिजवलेल्या पावाचा चमचा पुढे केला.

"कुठे गेलीस?" साहेब उजवीकडे बघत म्हणाले.

"इथेच आहे. वळा."

ते वळले नाहीत. काकू चमचा हवेत धरून बसून राहिल्या. हात भरून आला, तेव्हा त्यांनी चमचा दुसऱ्या हातात घेतला.