धाबळीच्या अलीकडे

माझी मुलगी आणि वकिलाचा नातू यांच्या मध्ये धाबळी धरली होती. सोवळ्यातली, लोकरीची. लग्नात अंतरपाट धरतात तशी. अलीकडे परसातल्या मातीत गोणपाटावर मी. मांडीवर माझी तान्ही. पलीकडे मागच्या ओटीवर त्यांची पोरं आणि पोरांच्या आया. पायरीवर देवी टोचणारा सरकारी डॉक्टर. माझ्या मुलीच्या दंडावरच्या फोडात तो सुई बुडवायचा, हात धाबळीवरून पलीकडे न्यायचा आणि तिकडच्या पोराच्या दंडात टोचायचा. सुईला विटाळ नव्हता.

मुलगी कळवळून रडत होती.

"तिचं तोंड तिकडे फिरव गं," पलीकडून घरची म्हातारी म्हणाली. "शिंतोडे उडतील."

तान्ह्या पोरीचे डोळे गळत होते. त्याला ती शिंतोडे म्हणाली. मी मुलीचं तोंड फिरवलं. तेव्हा मी सांगतील ते करायची.

आताच्या पोरींना हे खरं वाटत नाही, म्हणून सांगते. तेव्हा देवी अशाच काढायच्या. एका पोराला टोचलं की आठवडाभरात त्याच्या दंडावर टपोरा फोड यायचा. त्यातली लस दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. लस बाटलीत टिकायची नाही. ती पोराच्या अंगावरच न्यावी लागायची. चांगल्या घरची बाई आपल्या पोराचा फोड परक्यासाठी कशाला फोडू देईल? मग डॉक्टर आमच्याकडे यायचा. आमचा महारवाडा कोपरच्या खाडीलगत, मिठागराच्या बांधापलीकडे. नवरा मिठागरात राबायचा, मी मिठाच्या पाट्या वाहायची. डॉक्टर बांधावर उभा राहायचा, पोरांचे दंड बघायचा आणि बोट दाखवायचा. ज्या पोराकडे बोट, त्याच्या आईनं पोर घेऊन मागून चालायचं.

मी टोचण्याच्या विरोधात नव्हते. आजही नाही. माझा थोरला देवी येऊन गेला. त्याच्या अंगावर तीळ ठेवायला जागा राहिली नव्हती. शेवटी त्याला माझा हातसुद्धा सोसत नव्हता, आणि मी हात मागे घेऊन नुसती बसून राहिले होते. म्हणून ही झाली तेव्हा मी आपण होऊन डॉक्टरपुढे गेले. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, देवीचा कोप होईल. मी म्हटलं, व्हायचा तो होऊन गेलाय.

तर त्या दिवशी कोपरहून कल्याणपर्यंत चालत आणलं होतं. फाल्गुनातलं ऊन. घर एका वकिलाचं. मोठे शिकलेले. आळीतल्या सगळ्या पोरांना त्यांच्याच परसात टोचायचं ठरलं होतं, आणि त्यांचा नातू शेवटी. मानाचा म्हणून नव्हे. बाकीच्यांना काही होत नाही ना ते आधी बघायचं होतं.

वकीलसाहेब खुर्ची टाकून बसले होते. हातात वर्तमानपत्र. डॉक्टरला वाचून दाखवत होते.

"तिकडे विलायतेत भिंगातून रोगाचे जंतू दिसायला लागलेत, डॉक्टर. कोप, दृष्ट, वारं, सगळं थोतांड. आणि गंमत ऐका. भिंगाखाली राजाचं रक्त ठेवा नाहीतर भिकाऱ्याचं, फरक म्हणून कळत नाही!"

डॉक्टर हो हो म्हणाला. मीही ऐकत होते. खरं सांगते, मला बरं वाटलं. एवढा मोठा माणूस म्हणतोय म्हणजे असेल. मी मुलीच्या दंडाकडे पाहिलं. सुई लागून लागून फोड लालभडक झाला होता, कडेनं रक्त येत होतं.

मग साहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि गड्याला हाक मारली. "ही गेली की परसात गोमूत्र शिंपड. गोणपाट तिलाच देऊन टाक. आपल्याकडे ठेवू नकोस."

हसायला हवं होतं. मला हसूही आलं नाही. मी फार दमले होते.

मुलगी छातीशी झटत होती आणि दूध येत नव्हतं. सकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. घशाला कोरड पडलेली. ओटीवर पाण्यानं भरलेली घागर दिसत होती. मी म्हटलं, "बाय, वाईच पानी द्या. पोरीला दूध उतरंना झालंय."

म्हातारी म्हणाली, "सोवळ्याचं पाणी आहे ते."

मी साहेबांकडे पाहिलं. भिंगाचं सांगणारे तेच होते.

"काम होऊ दे आधी," ते म्हणाले. "मग गडी बोळात वरून ओतेल. ओंजळ धर."

डॉक्टरनं सुई पुन्हा बुडवायला हात पुढे केला. आता त्यांचा नातू राहिला होता. मुलीनं सुई ओळखली. एवढासा जीव, पण दंड आखडून घेतला तिनं. अंग चोरलं. मी तिची आई, आणि तो दंड सरळ करून धरायला माझाच हात पुढे जात होता.

तो हात मी थांबवला. मुलीच्या दंडावर पदर घातला आणि उभी राहिले.

"बस खाली," डॉक्टर म्हणाला. "सरकारी काम आहे."

"आधी पानी. मंग लस."

साहेब उठले. "तुला कळतंय का तू काय करतेयस? हे शास्त्र आहे. एका लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे."

"कळतंय. माझा थोरला देवीनंच गेला. म्हनून तर हिला टोचून घेतली. आधी पानी."

धाबळी खाली आली. पलीकडे त्यांची सून होती, कडेवर मूल. माझ्याच वयाची असेल. तिचा चेहरा मला पहिल्यांदा दिसला. भ्यालेला.

"अगं, दे गं," ती हळूच म्हणाली. "एकुलता आहे माझा."

थोरल्याचं अंग डोळ्यांपुढे आलं. मी गोणपाटावर सरकून जागा केली. "या ना. हितं बसा, माज्याजवल. येताना तांब्या आना. मी देते."

तिनं एक पाऊल पायरीवर ठेवलं. मग सासूकडे पाहिलं. पाऊल मागे गेलं.

मीही निघाले. कुणी पाणी दिलं नाही. खाडीच्या वाटेवर एका ओळखीच्या झोपडीत प्यायले, तेव्हा कुठं दूध आलं.

पुढे मुकादमानं नवऱ्याला मिठागरावरून काढलं. कुणी सांगितलं, ते विचारायची गरज नव्हती. नवरा म्हणाला, "एवढ्यासाठी?" मी म्हटलं, एवढ्यासाठीच. त्या बाळाचं काय झालं मला माहीत नाही. विचारायला त्या दारात मला कोण उभं करणार? बाळ जगलं असेल अशी आशा करते. रात्री कधी जाग आली तर त्या सुनेचा चेहरा दिसतो. पण पाऊल तिनं मागे घेतलं, मी नाही.

आता म्हणे नवा शोध लागलाय. लस वासराच्या अंगावर वाढवतात. आळीतल्या लोकांची सोय झाली. वासरू परसात बांधतात आणि बांधल्याबरोबर त्याच्यापुढे पाण्याची बादली ठेवतात. मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझी मुलगी आता मोठी झाली आहे. दंडावर वण आहे, इतरांपेक्षा मोठा, वेडावाकडा. तिच्याही पोटी पोर येईल. त्याला मी टोचून घेणार, डॉक्टर येईल त्या पहिल्याच दिवशी, सगळ्यांच्या आधी. आणि कधी कुणाला आमच्या अंगातलं काही लागलं, रक्त म्हणा, दूध म्हणा, तर तिला सांगून ठेवलंय. द्यायचं. पण आधी त्यांच्या ओटीवर बसायचं, त्यांच्या तांब्यातून पाणी प्यायचं, मग पदर बाजूला करायचा. तांब्या आला नाही तर उठायचं. पलीकडे कुणीही रडत असो.